कोपराची उंची

चौतीस वर्षं मी औषधं मोजली
मोरिओकाच्या सरकारी दवाखान्यात.
ग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे काय
हे माझ्या चिमटीला विचारा.
म्हणून कुरामोचींनी कॉफीचं दुकान बंद करायचं ठरवलं
तेव्हा मी घाबरले नाही.
कॉफीच ती.
मोजली की झाली.

आधी काटा आणला, सेकंदही मोजणारा.
मग बगळ्याच्या मानेची किटली,
मग हाताने फिरवायची दळणी;
तिच्या किमतीत हिवाळ्याचा एक कोट आला असता.
चिनी मातीचा शंकू. कागदी गाळण्या,
त्यांचा ओल्या पुठ्ठ्याचा वास
आधी गरम पाण्याने घालवायचा.
पंधरा ग्रॅम. ब्याण्णव अंश. तीन मिनिटं.
वहीत रकाने पाडले.
सोमवार: कडू.
मंगळवार: आंबट.
बुधवार: कडू आणि आंबट, जे शक्य नाही.
गुरुवारी नुसतीच रेघ.

मग फ्लॅनेलकडे वळले, कारण ते फ्लॅनेलच वापरत.
नवं कापड चोथ्याबरोबर उकळायचं
खळीचा वास जाईस्तोवर,
आणि पुढे कधी सुकू द्यायचं नाही.
रोज धुवायचं, पाण्यात बुडवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं.
माझ्या फ्रिजमध्ये आता टोफूशेजारी
एक तपकिरी मोजा झोपलेला असतो.
सेंदाईहून भाची आली होती. तिने झाकण उघडलं,
माझ्याकडे पाहिलं,
झाकण लावलं.

चव जरा गोल झाली. त्यांची नाही झाली.
दवाखान्यात लोक म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे.
गुण असेल. चव नव्हती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांनी आम्हा नेहमीच्यांना बोलावलं:
हवं ते एकेक न्या.
नाकात्सू नदीच्या काठी बर्फ काळा पडला होता.
टॅक्सीवाल्या मिकामीने भिंतीवरचं घड्याळ काढलं,
ते दहा मिनिटं मागे आहे हे माहीत असून.
दोघी बहिणी एकाच कपावर अडल्या,
शेवटी एकीने कप नेला, दुसरीने बशी.
मी किटली घ्यायला पहिल्यांदाच
काउंटरच्या मागे गेले आणि ठेचकाळले.

खाली पाट होता.
वीतभर उंच, देवदारी लाकडाचा,
मधोमध दोन पावलांचे खळगे.

इतकी वर्षं मी त्यांना उंच समजत होते.
ते पाटाशेजारी उभे राहिले
तर माझ्या हनुवटीला लागले.
"कोपर कापडाच्या वर हवं," ते म्हणाले.
"नाहीतर खांदा ओतू लागतो.
आणि खांद्याला घाई असते."

मी किटली खाली ठेवली. पाट उचलला.
"तो नाही," ते म्हणाले.
"माझ्या घरचा ओटाही उंच आहे."

तेव्हा रिकाम्या हातांनी परतले.
नाही, खोटं कशाला,
खिशात एक चमचा होता, सगळ्यात वाकडा.

माझा ओटा आधीच्या भाडेकरूच्या मापाचा,
तो म्हणे बास्केटबॉल खेळायचा.
घरात पाट नाही. औषधकोश आहेत,
जाडजूड, कापडी बांधणीचे, रद्द झालेले.
पुस्तकाला पाय लावू नये
हे मलाही लहानपणी शिकवलेलं,
म्हणून वर टॉवेल घातला, मान लववली,
आणि दोन खंडांवर चढले.

पाणी सुतासारखं उतरलं.
चोथा हळूच फुगला,
झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा,
आणि बसला.
काटा चालू करायचा राहिला होता.

चव? अजून त्यांची नाही.
वहीत काय लिहावं ते सुचलं नाही,
आंबट लिहिता येईना, कडूही.

पुढच्या शनिवारी ते येतो म्हणालेत,
माझ्या ओट्याशी उभं राहून दाखवतो म्हणाले.
माझ्याहून बुटके. दोन खंड पुरणार नाहीत.
माळ्यावर चढून तिसरा शोधला,
धूळ झटकली,
आणि टॉवेल मोठा काढून ठेवला.